आत्यांनी सोडलेला चहा

तुमच्या घरातली बाई दवाखान्यात गेली, की डॉक्टरशी कोण बोलतं? ती, की तिच्या शेजारी बसलेलं माणूस?

लगेच उत्तर देऊ नका. आधी खोली आठवा. टेबलापलीकडे डॉक्टर, अलीकडे स्टुलावर ती, आणि तिच्या मागे उभं असलेलं घर. डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" आणि घर सांगतं, "हिला की नाही, तीन दिवस जेवणच जात नाही." ती मान हलवते. औषध तिला मिळतं, पण दुखणं घरानं सांगितलेलं असतं.

मी सांगलीजवळच्या माधवनगरची. माझे वडील गिरणीत कामाला होते आणि गिरणीपेक्षा जास्त पत्रकांमध्ये. गिरणी बंद पडली, पत्रकं नाही पडली. आमच्याकडे इतर पोरं पतंग करायची तेव्हा मी पत्रकांच्या घड्या घालायची. वाचायला शिकले तीही त्यांच्यावरच. त्यामुळे माझ्या तोंडी 'जाहीर निषेध' फार लवकर आलं, आणि घरात दोडक्याची भाजी झाली की मी ते वापरायची.

माझी मावसबहीण मात्र पत्रकं वाचायची नाही. ती माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणते. तिचा नवरा फौजेत हवालदार, पण म्हसवडकडे फौजेतला प्रत्येक माणूस 'मेजर' असतो, म्हणून तोही मेजर. तो सीमेवर, ताई शिरवळच्या एका कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर सुपरवायझर, आणि तिची सासू म्हसवडला. सासूला ताई 'आत्या' म्हणते, म्हणून मीही आत्या म्हणते. गोष्टीत माणसं एवढीच. एक डॉक्टरीणबाई पुढे येतील.

मी कॉलेजात होते तेव्हा ताईचा फोन आला. "पुण्यात चार दिवस माझ्यासोबत राहशील का? ऑपरेशन हाय."

"कसलं?"

"छाती मोठी करून घ्यायचीय."

मी सांगलीहून पुण्यापर्यंत एसटीत मनातल्या मनात भाषण तयार केलं. सौंदर्याचा बाजार, बाईच्या मनात पेरलेला न्यूनगंड, सगळं मुद्देसूद. स्टँडवर उतरल्या उतरल्या मी ते तिला ऐकवायला घेतलं. तिनं रिक्षा ठरवेपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "बये, तूच पत्रकात लिहिलं हुतंस ना, बाईचं शरीर बाईचं?"

"हो."

"मग माझं माझ्याकडंच राहू दे. बस रिक्षात."

तिच्यावर कुणाची जबरदस्ती नव्हती. मेजरनं तर विचारलं होतं, "कशाला गं? मी काय तक्रार केली का कवा?" तिला लहानपणापासून आरशात आपलं काहीतरी अर्धवट राहिलंय असं वाटायचं. दोन पोरं झाली, पगार हातात आला, आणि तिनं ठरवलं. मला तिचं पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण तिच्या उशाशी मी बसले, आणि पट्ट्या निघाल्या तेव्हा ती आरशापुढे ज्या ऐटीत उभी राहिली ते मी पाहिलं आहे.

ऑपरेशनच्या आधी अडचण एकच होती, आत्यांना काय सांगायचं? छातीला पट्टी बसणार होती, त्यामुळे अपेंडिक्स म्हणता येईना. ताईनं फोनवर सांगितलं, "आत्या, छातीत बारकी गाठ हाय. काढून टाकायचीय. काळजीचं काय न्हाई."

त्या वेळी आत्यांच्या चुलीवर चहा होता. त्यांनी ते पातेलं उचललं, मोरीत ओतलं आणि सिद्धनाथाच्या देवळाकडे तोंड करून हात जोडले. "पोरीची गाठ निगू दे देवा. जल्मात चहा शिवनार न्हाई."

आमच्या भागातल्या बाईनं चहा सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. चहाला नाही म्हणणं हा आमच्याकडे अपमान धरतात. त्यामुळे आत्या जिथे जातील तिथे त्यांना नाही म्हणायचं कारण सांगावं लागे. लग्नात, बारशाला, बँकेत, मयताच्या घरी. "न्हाई वो, म्या सोडलाय. सुनेच्या छातीत गाठ हुती. देवानं काडली." कपाला नकार गेला की गोष्ट सुरू. एखादं पत्रक गावात जितकं फिरत नाही, तितकी ती गाठ फिरली. माझ्या वडिलांनी सगळी हयात घालवून त्यांचं एकही म्हणणं इतक्या घरांत पोचवलं नव्हतं.

पुढे ताई नोकरी सोडून म्हसवडला आली, लेडीज वेअरचं दुकान टाकलं. तर दुकानात बाया गाऊन बघायला यायच्या आणि हळूच विचारायच्या, "तुमची गाठ तुमाला कशी कळली वो?" ताई प्रत्येकीला दटावून तपासणीला पाठवायची. नसलेल्या गाठीनं तिला गावात जाणकार केलं. सात-आठ वर्षांत ते खोटं इतकं अंगी लागलं, की मला कधी कधी वाटायचं, गाठ होतीच.

आणि मागच्या वर्षी तिची डावी बाजू सुजली.

दुखणं विशेष नव्हतं, ताप नव्हता. आठवडाभरात एक बाजू दुसरीच्या दीडपट दिसायला लागली. आत्यांनी आंबेहळद उगाळली. ती आंबेहळद आमच्याच घरून सांगलीच्या बाजारातून गेलेली, अस्सल. सकाळ-संध्याकाळ गरम लेप. सूज उतरली नाही, पण ताई गळ्यापासून खाली अशी पिवळी झाली, की गावातल्या डॉक्टरांनी आधी डोळे ताणून कावीळ बघितली.

हे सगळं तिनं मला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टर म्हनाले, आत पानी झालंय. मागं गाठीचं ऑपरेशन झालंय तिथंच झालं असंल. सुई घालून काडून टाकू, पाच मिन्टाचं काम. सुईचं पाकीट फोडलं बी हुतं त्यांनी."

"मग?"

"मी टेबलावरनं उतरले. म्हनलं दुकानाची किल्ली कुलपातच राहिली."

"ताई, त्यांना सांगितलं का नाहीस, आत काय आहे ते?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग, "आत्या शेजारीच हुत्या गं."

त्या डॉक्टरांची मला जराही चूक दिसत नाही. त्यांना सांगितलं गाठ, त्यांनी औषध गाठीचं केलं. पण सुई आंधळेपणानं आत गेली असती तर तिनं त्या सिलिकॉनच्या पिशवीला भोक पाडलं असतं, आणि निघालेलं पाणी सरळ बेसिनमध्ये गेलं असतं. त्या पाण्यात काय होतं हे मग कुणालाच कळलं नसतं.

मी दुसऱ्या दिवशी म्हसवडला पोचले. मोठ्या दवाखान्यात जायचं हे ठरलं होतं, कुठल्या एवढाच प्रश्न होता. ताईला पुणं हवं होतं, कारण ऑपरेशन तिथलं. पण आमच्या घरात दवाखाना डॉक्टर बघून ठरत नाही, डबा कुठून येईल हे बघून ठरतो. आत्या म्हणाल्या, "पुन्यात कोन हाय आपलं? मिरजंला जाऊ. माधवनगरवरनं डबा यील." झालं. मिरज.

निघायच्या आधी मेजरचा व्हिडिओ कॉल आला. मागे नुसता बर्फ. आत्या अंगणात होत्या म्हणून मी त्याला म्हटलं, "तुम्हीच सांगून टाका ना आईला. तुम्ही फौजी माणूस."

"आगं, हितं वजा वीस हाय," मेजर म्हणाला. "पन आईला सांगन्यापरीस हे परवडलं." आणि नेमकं तेव्हाच त्याचं नेटवर्क गेलं. ते खरंच गेलं की घालवलं, यावर ताईचं आणि माझं अजून एकमत नाही.

जीपमध्ये बसताना ताईनं माझा दंड धरला. "तू एक शब्द बोलायचा न्हाई आत. शपथ हाय. तुला कुठंबी भाषन सुचतं."

"मग तू बोलणार आहेस?"

"बगू."

मी शपथ घेतली. नाइलाजानं, पण घेतली. रस्ताभर मला एकच गोष्ट टोचत होती. आत्या तिच्या वतीनं बोलतात म्हणून मी चिडायचं, आणि मग मीही तिच्या वतीनंच बोलायचं? पत्रकात हे सोपं असतं. तिथे सगळ्यांच्या वतीनं एकच जण लिहितो आणि खाली 'आम्ही सर्व' म्हणून मोकळा होतो.

मिरजेला बाकावर बसलो. शेजारी बसलेल्या एका जैन काकूंनी थर्मास उघडला आणि आत्यांपुढे कप धरला. मी ताईकडे बघितलं, ताईनं छताकडे. "न्हाई वो, म्या सोडलाय," आत्यांनी सुरुवात केली. "ही माजी सून. हिच्या छातीत..." आमचा नंबर येईपर्यंत पूर्ण बाकाला गाठ माहीत झाली होती.

आत डॉक्टरीणबाई. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी ताईला विचारलं, "काय होतंय?"

"डाव्या अंगाला सूज हाय," आत्या म्हणाल्या.

"किती दिवस?" पुन्हा ताईलाच.

"धा-पंधरा झालं असतील. म्या आंबेहळद लावली."

"ते दिसतंय." डॉक्टरीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "आजी, छाती तुमची सुजलीय का हिची?"

"माजी कशाला सुजंल?"

"मग हिला बोलू द्या. बाई, आधी काही ऑपरेशन झालंय?"

ताईनं तोंड उघडलं. मी जीभ दातांखाली धरली. आणि आत्या म्हणाल्या, "गाठ काडलीया. पुन्यात."

ताईनं तोंड मिटलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला पडद्याआड नेऊन तपासलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. त्यांच्या हाताला कळायचं ते कळलं असावं. त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसता का? कँटीन आहे खाली, चहा घेऊन या."

"चहा म्या पीत न्हाई," आत्या खुर्चीत आणखी घट्ट बसल्या. "हिच्या गाठीपायीच सोडलाय. सिद्धनाथाला बोलले हुते, पोरीची गाठ..."

"आत्या, गाठ नव्हती."

ताई पडद्याला धरून उभी होती, ब्लाउजचं शेवटचं हूक लावत.

"क्काय?"

"गाठ नव्हती. मी छाती मोठी करून घेतली. आत सिलिकॉनच्या पिशव्या बसवल्यात. दोनी बाजूला."

आत्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे. "कशाला?"

"मला पायजे हुत्या."

"पर आदी काय कमी हुतं?"

डॉक्टरीणबाईंना खोकला आला.

आत्या मात्र हसत नव्हत्या. "म्हंजी गाठ न्हवतीच," त्या सावकाश म्हणाल्या. "मग मी सात-आठ वरसं देवाला काय म्हनून सांगतिया?"

डॉक्टरीणबाईंनी तेवढ्यात कागद पुढे ओढला आणि भराभर विचारायला घेतलं. पिशव्या कधी बसवल्या, कुणी, वरून गुळगुळीत की खरखरीत. ताईला माहीत नव्हतं. तिनं तिथूनच पुण्याला फोन लावला. खरखरीत, असं उत्तर आलं.

मग त्यांनी आम्हाला समजावलं. पिशवीभोवती शरीर स्वतःच एक पातळ आवरण धरतं. बहुतेक बायकांना त्याचा काही त्रास नसतो. कुणाला ते आवरण आवळतं, कुणाची पिशवी फाटते. आणि क्वचित, फारच क्वचित, बऱ्याच वर्षांनी त्या आवरणात एक वेगळा कर्करोग होतो. तो स्तनाचा नव्हे, रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या जातीचा. खरखरीत पिशव्यांच्या बाबतीत हे दिसून आलंय. त्याची पहिली खूण पुष्कळदा हीच, वर्षानुवर्षं सगळं ठीक असताना एका बाजूला अचानक पाणी. "पाणी दुसऱ्या साध्या कारणांनीही होतं," त्या म्हणाल्या. "पण ते फेकायचं नसतं, तपासायचं असतं. आणि कशासाठी तपासायचं हे लॅबला सांगावं लागतं. तुम्ही सांगितलं नसतं तर मीही निराळंच काही शोधत बसले असते."

सोनोग्राफीवर बघून, पिशवीला धक्का न लावता त्यांनी पाणी काढलं. ताई आत होती. बाहेर बाकावर आत्या आणि मी.

आत्यांचा राग पिशव्यांवर नव्हता. त्यांचा राग अगदी निराळ्या जागी होता. "मयताच्या घरी चहा न्हाई घेतला म्या," त्या म्हणाल्या. "सख्ख्या भावाच्या मयताला. वैनी रुसली, आजून बोलत न्हाई. आन् देवापुढं मी खोटी."

मी देव मानत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरी मी म्हटलं, "आत्या, तुमच्या देवाला आधीपासून ठाऊक असणारच की."

"मग त्यानं तरी सांगायचं हुतं," आत्या म्हणाल्या.

मला हसू आलं, आणि ते त्यांना दिसलं, आणि त्याही नाइलाजानं हसल्या. पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "मला भ्याली व्हय गं ती? मी काय वाघीन हाय?"

"तुम्ही चहा सोडलात ना. त्यानं भ्याली."

मी उठले. "गाठच नव्हती, म्हणजे नवसही सुटला. आणू का चहा खालून?"

त्यांनी दाराकडे बघितलं. "रिपोट यू दे. तवर नरड्याखाली उतरायचं न्हाई."

रिपोर्ट यायला वेळ लागला. ते दिवस आमच्या घरी गेले. आमच्या घरी चहा दर तासाला होतो, आणि दर तासाला आत्या स्वयंपाकघरातून उठून ओसरीवर जायच्या. गोष्ट मात्र कुणालाच सांगायच्या नाहीत.

रिपोर्टमध्ये तेच निघालं. ते फारच क्वचित होणारं. माझ्या ताईला.

पण ते आवरणाच्या आत होतं, बाहेर पसरलेलं नव्हतं. स्कॅन झाले, आणि मग ऑपरेशन. दोन्ही पिशव्या आवरणासकट काढल्या. मेजर बर्फातून थेट मिरजेला आला आणि आईच्या पाया पडला, तेव्हा आत्यांनी त्याचा कान धरला. "तुला ठावं हुतं न्हवं? वजा वीस व्हय? थांब, तुला दावते वजा वीस." अख्खा वॉर्ड बघत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्यात पकडलं म्हणून एवढ्यावर भागलं. पुढे काही वर्षं तपासण्या चालू राहतील.

मी ताईला नंतर एकदा विचारलं, "फसवलं ना शेवटी बाजारानं?" तिनं मला उशी फेकून मारली.

"कुनी फसवलं न्हाई. मला आवडत हुती ती छाती. गेली त्याचं वाईट वाटतंय, आन् ते तुज्या पत्रकात लिहायचं न्हाई."

पत्रकात लिहिलं नाही. इथे तिला विचारून लिहिते आहे. ज्यांनी तिला पिशव्या विकल्या त्यांनी हा धोका तिला समोर बसवून, समजेल अशा मराठीत सांगायला हवा होता, हे माझं म्हणणं आहे आणि मी ते सोडणार नाही. ती म्हणते, सांगितलं असतं तरी केलं असतं. असेल. पण मग तिला पाणी दिसल्या दिवशी कळलं असतं की कुणाकडे धावायचं, आणि आंबेहळद डब्यात राहिली असती.

पहिली तपासणी स्वच्छ आली त्या दिवशी आम्ही मिरजेहून परतलो. म्हसवडच्या स्टँडवर आत्या उतरल्या त्या थेट टपरीकडे गेल्या. एक घोट घेतला. आम्ही दोघी बघत राहिलो. त्यांनी तोंड वाकडं केलं.

"एवढ्या वरसांत चहा लय बिघडला की गं," आत्या म्हणाल्या, आणि कप संपवून दुसरा मागितला. परवा त्या वैनीकडेही जाऊन चहा पिऊन आल्या. काय सांगितलं ते आम्हाला सांगत नाहीत.

आता दर तपासणीला आम्ही तिघी जातो. नंबर पुकारला की आत्या दारापर्यंत येतात, ताईच्या रिपोर्टांची पिशवी तिच्या हातात देतात आणि म्हणतात, "तू बोल जा. मी चहा पिऊन येते." आणि माझ्या दंडाला धरून मलाही खाली नेतात, कारण त्यांच्या मते आत माझंही काही काम नसतं.

तर तुम्हाला एवढंच करायचं आहे. तुमच्या घरातली बाई पुढच्या वेळी दवाखान्यात जाईल, तेव्हा तिच्याबरोबर जरूर जा. तिचा नंबर आला, की दारात थांबा. तिला एकटीला आत जाऊ द्या. आणि तुम्ही खाली जाऊन चहा घ्या.